जंगलात ट्रॅकर गप्प का होतो? नागपूरहून निघण्याआधी करायची तयारी

वर्षातून दोनदा मला हमखास एकाच तऱ्हेचे फोन येतात. एकदा बुद्धपौर्णिमेच्या आधी, मचाणावर बसायला जाणाऱ्यांचे. दुसऱ्यांदा श्रावणात, चिखलदऱ्याकडे निघणाऱ्यांचे. "दादा, ट्रॅकर घेतला, चांगला महागाचा घेतला, पण जंगलात सिग्नलच नाही पकडत." मी उलट विचारतो, "कोणता सिग्नल?" आणि पलीकडे शांतता.

ट्रॅकरच्या डबीत दोन वेगळी कामं चालतात. पहिलं ऐकण्याचं: उपग्रहांचे संदेश ऐकून डबी स्वतःची जागा काढते. दुसरं सांगण्याचं: ती जागा घरच्यांच्या नकाशावर पोचवते. ऐकणं बिघडलं तर आपण कुठं आहोत हे डबीलाच कळत नाही. सांगणं बिघडलं तर डबीला सगळं माहीत असतं, फक्त घरी कळत नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात. बॅटरी हा तिसरा विषय, त्यावर पुढं येतोच.

हातात नेमकं काय आहे?

सीताबर्डीत किंवा ऑनलाइन 'सॅटेलाइट ट्रॅकर' म्हणून जे विकतात, त्यातलं बहुतेक सामान उपग्रहाकडून फक्त ऐकतं. सांगायला त्याला मोबाइलचा टॉवरच लागतो, म्हणून तर आत सिम घालावं लागतं. खोक्यावरच्या उपग्रहाच्या चित्रावर जाऊ नका. सिमची जागा दिसली की समजा, टॉवर नाही तिथं ही डबी घरी काही कळवणार नाही.

दुसरा प्रकार हातात धरायच्या जीपीएस यंत्राचा. ते फक्त ऐकतं आणि तुमचा मार्ग साठवतं. वाट चुकू नये म्हणून उत्तम, पण घरच्यांना त्याचा काही उपयोग नाही.

तिसरा प्रकार उपग्रहाकडूनच ऐकणारा आणि उपग्रहामार्फतच सांगणारा. परदेशात ट्रेकर हेच वापरतात. इरिडियम या कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवरून पृथ्वीभोवती फिरत असतात आणि त्यांच्यामार्फत संदेश कुठूनही जातो. पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन जवळ बाळगणंही गुन्हा आहे. ते घेऊन विमानतळावर उतरलेल्या परदेशी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. अमेरिकेतला मामेभाऊ भेट म्हणून आणतो म्हणाला तर त्याला आधीच नाही म्हणा. खरोखर गरज असलेल्या संस्थांसाठी बीएसएनएलची परवानाधारक सेवा आहे, रीतसर अर्ज करून ती घेता येते.

तेव्हा पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे सिमवाल्या ट्रॅकरबद्दल आणि मोबाइलबद्दल. आणखी एक, ताडोबासारख्या ठिकाणी सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत. ट्रॅकर चालेल का, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. गेटवर हुज्जत नको.

आधी ऐकणं सुधारा

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. तिथून आलेला संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही तो खाली असतो. त्यातून अर्थ काढायची युक्ती यंत्रात आहे, पण मध्ये काही आडवं आलं की ती कमी पडते. जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात. चारावर निघालेली जागा कामचलाऊ असते, आठ-दहा मिळाले तर बरं.

आडवं काय येतं? खडक, धातू आणि पाणी. ढग नाही. पाऊसही जवळपास नाही, कारण ज्या १५७५.४२ मेगाहर्ट्झवर जीपीएस बोलतं तिथं पावसाच्या थेंबांनी फारसं काही बिघडत नाही. तरी लोक म्हणतात की पावसाळ्यात सिग्नल जातो, आणि ते खरंही आहे. त्याचं कारण झाडावर आहे. आपल्याकडचा साग उन्हाळ्यात पानं गाळतो. मे महिन्यात पेंचच्या सागवनात उभं राहून वर बघा, नुसत्या काड्या आणि पांढरं आभाळ. त्याच जागी ऑगस्टमध्ये उभे राहा. सुपाएवढी पानं, एकावर एक, प्रत्येकावर पाण्याचा पातळ थर. आभाळ हातभरही दिसत नाही. उन्हाळ्यात चाचणी करून "माझा ट्रॅकर जंगलात मस्त चालतो" म्हणणारा श्रावणात फसतो तो इथं. बांबूच्या ओल्या रांजीखाली याहून वाईट हाल.

आपलं शरीरही बहुतेक पाणीच आहे. पँटच्या मागच्या खिशात ठेवलेला ट्रॅकर अर्धं आभाळ आपल्याच देहामागं लपवतो. सॅकच्या तळाशी, स्टीलच्या डब्याखाली, पॉवर बँकेला चिकटून ठेवला तर उरलेलं अर्धंही गेलं. त्याची जागा एकच: सॅकच्या पट्ट्यावर, खांद्याच्या वरच्या टोकाला, अँटेनाची बाजू आभाळाकडं. बहुतेक डब्यांत छापील नावाची बाजू वर ठेवायची असते, पण माहितीपत्रकात एकदा बघून घ्या. रेनकोट वरून घातला तरी चालतो. प्लास्टिक अडवत नाही, त्यावर साचलेलं पाणी थोडं अडवतं, म्हणून अधूनमधून झटका.

आमच्यातल्या एकानं मे महिन्यात डोकं लढवलं. उन्हात ट्रॅकर तापतो म्हणून त्यानं तो ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून खांद्यावर बांधला. डबी थंडगार राहिली, आणि दिवसभरात नकाशावर मोजून चार बिंदू आले. ओलं कापड म्हणजे पाण्याची भिंतच. कोरडा पांढरा रुमाल सैल टाकला असता तर सावलीही मिळाली असती आणि आभाळही.

आता सुरुवात कशी करायची ते. प्रत्येक उपग्रह स्वतः नेमका कुठं आहे याचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. तो सलग, न तुटता ऐकावा लागतो. झाडाखाली चालता चालता यंत्र सुरू केलं तर दर थोड्या वेळानं एक फांदी आडवी येते, वाक्य तुटतं आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागतं. सगळ्या उपग्रहांचा ढोबळ पंचांग-तक्ता पूर्ण उतरायला तर साडेबारा मिनिटं लागतात. शहरात मोबाइलला हे जाणवत नाही, कारण तो ही माहिती इंटरनेटवरून आयती घेतो. रेंज गेली की त्यालाही आभाळाकडूनच ऐकावं लागतं.

म्हणून आमचा नियम असा. गेटवर किंवा गाव सुटण्याआधी, मोकळ्या जागी, ट्रॅकर सुरू करून पंधरा मिनिटं स्थिर ठेवायचा. तेवढ्यात चहा होतो, बुटाच्या नाड्या होतात, कोणीतरी काहीतरी विसरलेलं आठवतं. आणि एकदा सुरू केला की मध्ये बॅटरी वाचवायला बंद करायचा नाही. उपग्रहाचा तो तपशील साधारण चार तास कामाचा असतो. बंद करून दुपारी दरीत पुन्हा सुरू केलात तर सगळं ऐकणं नव्यानं, तेही सगळ्यात वाईट जागी. बॅटरी वाचवायची असेल तर नोंदीमधलं अंतर वाढवा.

गाडीतून जाताना दोन गोष्टी हटकून नडतात. काचेवरची उन्हाची फिल्म धातूचा मुलामा असलेली असेल तर ती सिग्नल अडवते, आणि नागपुरात फिल्म नसलेली गाडी शोधावी लागते. दुसरा गुन्हेगार डॅशकॅम. स्वस्त डॅशकॅम आणि चार्जर रेडिओची घाण सोडतात, शेजारचा ट्रॅकर त्यात बहिरा होतो. डॅशकॅमची वायर काढून पाहा, फरक पडला तर दोघांमध्ये हातभर अंतर ठेवा.

सेटिंगमध्ये फक्त जीपीएस निवडलेलं असेल तर ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू या इतर देशांच्या उपग्रह-यंत्रणाही चालू करा. जास्त उपग्रह म्हणजे फांद्यांच्या फटीतून कोणी ना कोणी दिसण्याची शक्यता जास्त. 'एल-५' अशी दुसरी लहर पकडणारं यंत्र असेल तर दरीत त्याचा खरोखर फायदा होतो. नाविक ही आपली भारतीय यंत्रणा भारतावरच बेतलेली असल्यानं त्याचे उपग्रह बऱ्यापैकी डोक्यावर असतात, पण त्यातल्या काहींची आण्विक घड्याळं बंद पडली आहेत, म्हणून नाविक सोबतीला ठेवा, एकट्यावर विसंबू नका. 'गगन'चा पर्याय दिसला तर तोही चालू करा. ती इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची, विमानांसाठी उभारलेली दुरुस्ती-सेवा आहे. मोकळ्या मैदानात तिनं जागा आणखी नेमकी होते, गर्द झाडीत फार आशा नको.

दरीतला खोटा बिंदू

सिग्नल न मिळण्यापेक्षा खोटा मिळणं मला जास्त धोक्याचं वाटतं. मेळघाटच्या बाजूला बेसॉल्टचे उभे कडे आहेत. उपग्रहाची लहर थेट न येता समोरच्या कड्यावर आपटून येते, थोडी उशिरा. यंत्राला तेवढंच अंतर जास्त वाटतं आणि ते तुम्हाला नाल्यातून उचलून पलीकडच्या डोंगरावर नेऊन ठेवतं. मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइल साधारण ५ मीटरच्या आत बरोबर असतो. दरीत हाच आकडा पन्नास किंवा त्याहून पुढं जाऊ शकतो, आणि स्क्रीनवरचा निळा ठिपका तितकाच ठाम दिसत राहतो.

ओळखायचं कसं? नकाशावर ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ पाहा, ते मोठं झालं की शंका घ्या. यंत्र 'एचडीओपी' (उपग्रहांच्या मांडणीमुळं जागा किती चुकू शकते याचा आकडा) दाखवत असेल तर २ च्या खाली चांगलं, ५ च्या वर गेलं तर त्या बिंदूवर निर्णय घेऊ नका. तिसरी खूण वेगाची. तुम्ही दगडांवरून ताशी दोन किलोमीटरनं सरकताय आणि नोंदीत मध्येच ताशी तीस दिसतंय, तर ती उडी आहे. अशा वेळी नाल्याच्या वळणावर, जिथं दोन्ही बाजूंना आभाळ जास्त दिसतं, तिथल्या एखाद्या मोठ्या दगडावर दोन मिनिटं गप्प उभे राहा. आकडे स्थिरावले की मग नोंद करा. उंचीच्या आकड्यावर तर कधीच फार विसंबू नका, ती आडव्या जागेपेक्षा नेहमी जास्त चुकते.

आणखी एक गोष्ट आपल्या अक्षांशांची. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात बुडबुड्यांसारखी उलथापालथ होते, आणि विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात, म्हणजे भारतावरही, उपग्रहांचे संदेश लुकलुकतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे जास्त. सूर्यावरच्या डागांचं चक्र शिगेला असतं तेव्हा आणखी जास्त, आणि सध्याचं चक्र २०२४ च्या सुमारास शिगेला पोचलं. ऑक्टोबरात रात्री नऊला, मोकळ्या माळावर, सगळं ठीक असून काही मिनिटं जागा मिळेना, तर यंत्र आपटू नका. थांबा, येते.

मग सांगणं

इथं प्रश्न सिमचा आणि टॉवरचा. स्वस्त ट्रॅकर अजूनही टू-जीवर चालणारे असतात. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, तरी त्यात जिओचं सिम घालून बसलेले लोक मी पाहिलेत. ट्रॅकर टू-जी आहे का फोर-जी, हे सिम घेण्याआधी बघा. कोणत्या कंपनीचं सिम, हे तुमच्या वॉर्डातल्या रेंजवरून ठरवू नका. ज्या गावातून आत शिरणार तिथल्या होम-स्टेवाल्याला फोन करून विचारा, "तुमच्याकडं फोन कोणत्या सिमवर लागतो?" कंपनीच्या नकाशापेक्षा हे उत्तर खरं निघतं.

दुसरी चाचणी साठवणुकीची. रेंज नसताना ट्रॅकर बिंदू आत साठवतो का, आणि रेंज आल्यावर ते मागाहून पाठवतो का? माहितीपत्रकात 'हो' लिहिलेलं असतं. तरी स्वतः करून पाहा. सिम काढा, तासभर मोकळ्यात फिरा, सिम घाला. मधले बिंदू नकाशावर आले तर ठीक. काही डब्या बंद-चालू केल्या की साठवलेलं विसरतात, तेही इथंच कळतं.

एसएमएसची सोय असेल तर ती चालू ठेवा. डेटा जात नाही अशा काठावरच्या रेंजमध्येही एसएमएस निसटून जातो.

ऊन आणि बॅटरी

२३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो सावलीतला आकडा. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त होतं. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि शहाणी यंत्रं त्यापुढं चार्जिंग आपणहून थांबवतात. नवतप्यात दुपारी गाडीत पॉवर बँकेला लावून ठेवलेला ट्रॅकर संध्याकाळी रिकामाच मिळतो तो यामुळं. चार्जिंग पहाटे किंवा मुक्कामी उरका.

नोंदी किती वेळानं? ताशी तीन किलोमीटरनं चालणारा माणूस दहा मिनिटांत पाचशे मीटर जातो. शोधायची वेळ आली तर पाचशे मीटरचा पल्ला माणसांना पायी धुंडाळता येतो. म्हणून पायी फिरताना मी दहा मिनिटं ठेवतो, अवघड उतारावर पाच. तुलनेला आपला 'वॉकर' वाघ घ्या. टिपेश्वरहून निघून बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचलेला हा वाघ २०१९ च्या फेब्रुवारीत कॉलर घालून सोडला होता. त्याची कॉलर तासाला एक नोंद करायची, आणि त्यातून पाच हजारांहून जास्त बिंदू मिळाले. त्याला महिनोन् महिने चालायचं होतं, आपल्याला रविवार संध्याकाळपर्यंत.

घरच्या घरी परीक्षा

जंगलात जाण्याआधीचा एक रविवार यासाठी द्या. मोबाइलवर उपग्रहांची ताकद दाखवणारं एखादं मोफत अॅप घ्या, त्यात प्रत्येक उपग्रहापुढं एक आकडा असतो. ४० च्या वर दणदणीत, ३० च्या आसपास चालतं, २५ च्या खाली भरवसा नाही.

सकाळी फुटाळ्याच्या काठावर सुरू करा, पंधरा मिनिटं थांबा, आकडे वहीत लिहा. हे तुमचं निरोगी माप. मग सेमिनरी हिल्सच्या झाडीत चला, एकदा ट्रॅकर खिशात, एकदा खांद्यावर. घरी नकाशावर दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून बघा, खिशातली रेघ दारू प्यायल्यासारखी दिसेल. शेवटी वर्धा रोडवर या. तिथला ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल, वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली रस्ता, म्हणजे शहरात बांधून मिळालेली दरीच. खालच्या रस्त्यानं एकदा जा. बिंदू कुठं उडतात, पुलाबाहेर आल्यावर सावरायला किती वेळ लागतो, हे लिहून ठेवा. हीच फेरी पाऊस पडून गेल्यावर पुन्हा करा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा ट्रॅकर श्रावणात कसा वागेल याचा अंदाज.

ट्रॅकर गप्प झाला तर घरी काय करायचं

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण चिखलदऱ्याच्या बाजूला एका नाल्यात उतरलो. कड्यावर होतो तोवर रेंज होती, अकरा दहाला शेवटचा बिंदू गेला. खाली उतरलो, रेंज संपली. ट्रॅकर मात्र इमानानं ऐकत होता, साठवत होता. साडेतीनला एका गावाजवळ वर आलो तेव्हा खिशात फोन सलग थरथरायला लागला. अकरा मिस्ड कॉल. उचलला तर वहिनी.

"काहून भाऊजी, चार घंट्यांपासून त्या कड्यावरच उभे होते का तुम्ही?"

नकाशावर तिला दिसत होता कड्याच्या टोकावरचा न हलणारा ठिपका. तो चार तास जुना आहे हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. ती पोलिसांना फोन करायच्या बेतात होती, आणि तिची काही चूक नव्हती.

तेव्हापासून निघण्याआधी एक चिठ्ठी घरी लिहून ठेवतो. कोणत्या टप्प्यात रेंज नसणार आणि किती वाजेपर्यंत, हे आधी. मग गप्प राहण्याची मर्यादा: ठरलेल्या वेळेनंतर दोन तास काहीच आलं नाही तर आधी होम-स्टेवाल्याला फोन, त्यानंतर आणखी एका तासानं ११२, आणि जंगलाचा भाग असेल तर वनखात्याचा १९२६. ट्रॅकर बंद म्हणजे माणूस संकटात, असं धरून चालायचं नाही. उलटही तितकंच, ट्रॅकर आहे म्हणजे सापडेलच असंही नाही. उमरेड-कऱ्हांडल्याचा 'जय' वाघ कॉलर असूनही एप्रिल २०१६ नंतर सापडला नाही.

जागा सांगायची पद्धतही चिठ्ठीत लिहा. कोणी फोनवर "एकवीस पॉइंट पंचवीस" असं सांगतो आणि ऐकणारा २१ अंश २५ मिनिटं लिहून घेतो. २१.२५ अंश म्हणजे २१ अंश १५ मिनिटं. दहा मिनिटांच्या या फरकानं शोधपथक साडेअठरा किलोमीटर उत्तरेला जाईल. म्हणून आमच्यात फक्त दशांशातले अंश, पॉइंटनंतर पाच आकडे, एकेक आकडा सुटा उच्चारायचा, आणि समोरच्यानं परत वाचून दाखवायचा.

चिठ्ठी आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली असते. तिच्या खाली वहिनीनं स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: 'ठिपक्यावर बोट ठेवून आधी वेळ बघणे.'